हरेलीच्या आगेमागे एक आठवडा : घर, कोठी आणि बारीच्या कामांचे नियोजन

प्रस्तावना

छत्तीसगढच्या मैदानी भागात भाताची पेरणी आटोपते, पेरणीनंतर साधारण ३० ते ४० दिवसांनी उभ्या पिकात नांगर फिरवून बियासी होते, आणि मग खरीप हंगामाच्या धावपळीत पहिली उसंत मिळते. हरेलीचा सण याच सुमारास येतो. उत्तर भारतीय पंचांगानुसार ती श्रावण अमावास्या. महाराष्ट्रात हाच दिवस आषाढ अमावास्या, म्हणजेच दिव्यांची अवस म्हणून पाळला जातो. या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, फावडे, गैंती धुऊन त्यांची पूजा करतात, दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात, जनावरांना मिठासह कणकेचे गोळे चारतात, आणि मुले बांबूच्या गेडीवर चढून गावभर फिरतात. २०१९ पासून राज्यात हरेलीला सार्वजनिक सुटीही मिळू लागली.

रायपूर जिल्ह्यातील धरसींवा, आरंग, अभनपूर व तिल्दा या विकासखंडांत अशी अनेक कुटुंबे आहेत की ज्यांतील एखादी व्यक्ती सिलतरा किंवा उरला येथील कारखान्यात, रायपूर शहरातील कार्यालयात अथवा दुकानात नोकरी करते आणि उरलेले सदस्य शेती सांभाळतात. अशी नोकरदार व्यक्ती हरेलीला जोडून आठवडाभराची रजा काढते, तेव्हा ‘आता घरची राहिलेली कामे उरकू’ हा संकल्प हमखास असतो. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस पाहुण्यांत जातात, मधले दोन पावसात, आणि शेवटच्या दिवशी अंगणातील गवत कसेबसे उपटून रजा संपते. उंदीर, डास, सडलेले शेणखत आणि गळणारे छप्पर जिथल्या तिथे राहतात.

प्रस्तुत लेखात या एका आठवड्याचे काम कोणत्या क्रमाने करावे आणि त्या क्रमामागे कोणते शास्त्रीय कारण आहे, याचे विवेचन केले आहे. क्रम चुकला तर श्रम तेवढेच लागतात, परंतु फळ निम्मेही मिळत नाही.

आठवडाच का?

घर व परसातील बहुतेक उपद्रवी जीवांचे जीवनचक्र उष्ण व दमट हवेत आठवड्याच्या हिशेबाने चालते. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्यात पडल्यापासून प्रौढ डास बाहेर पडेपर्यंत सुमारे ७ ते १० दिवस लागतात. घरमाशीचे चक्रही शेणाच्या उघड्या ढिगात जवळपास तेवढ्याच काळात पूर्ण होते. म्हणून सात दिवसांच्या आत एकदा साठलेले पाणी ओतले आणि शेण झाकले, तर एक पूर्ण पिढी उडण्यापूर्वीच नष्ट होते.

दुसरे कारण उंदराच्या स्वभावात आहे. घरातील उंदीर नव्या वस्तूकडे संशयाने पाहतो. परिचित वाटेवर अचानक सापळा दिसला तर तो दोन-तीन रात्री त्यापासून दूर राहतो. एका दिवसात उरकलेली उंदीरमोहीम सहसा फसते, ती यामुळेच. तिला किमान पाच-सहा दिवस द्यावे लागतात, आणि रजेचा आठवडा त्यासाठी पुरेसा असतो.

तिसरी बाब जिवाशी निगडित आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असा अंदाज संशोधकांनी मांडला असून, त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील आहेत. धान्याच्या मागे उंदीर येतो आणि उंदराच्या मागे साप येतो. त्यामुळे कोठीभोवतालची अडगळ ही धान्याच्या नासाडीबरोबर माणसाच्या सुरक्षिततेचीही बाब ठरते.

पहिला दिवस : पाहणी आणि औजारे

पहिल्या दिवशी कोणतीही वस्तू हलवू नये. सकाळी घराभोवती एक फेरी मारून पुढील गोष्टींची नोंद वहीत करावी : उंदरांची बिळे व लेंड्या, पाणी साठणाऱ्या जागा, छपराचे सरकलेले कवेलू, गाजर गवताची रोपे, सांडपाण्याची दिशा, आणि बारीतील कीडग्रस्त वेल.

दुपारी औजारांकडे वळावे. हरेलीला औजारे धुण्याची प्रथा आहेच; तिला थोडी शास्त्रीय जोड द्यावी. माती खरवडून, पुसून, पूर्ण कोरडी केल्यावरच लोखंडी भागावर तेलाचा पातळ हात फिरवावा. ओलसर लोखंडावर तेल लावल्यास आतील ओलावा अडकून गंज चढतो. दांडे ढिले झाले असतील तर पाचर बसवावी. फवारणी पंप स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावा, नोझल ब्रशने साफ करावे, तारेने टोकरू नये. तारेने छिद्र मोठे होते व पुढील फवारणीत औषधाची मात्रा बिघडते. पंप धुतलेले पाणी विहीर, तलाव किंवा जनावरांच्या पाणवठ्याजवळ टाकू नये.

रात्री उंदरांच्या वाटेवर, भिंतीला लागून सापळे ठेवावेत. परंतु ते लावलेल्या स्थितीत नसावेत. त्यांत भाजलेले शेंगदाणे किंवा तेल लावलेला भाकरीचा तुकडा ठेवावा आणि उंदरांना तो खाऊ द्यावा.

दुसरा दिवस : अंगण, साठलेले पाणी व गाजर गवत

जुने टायर, फुटके माठ, नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी यांतील पाणी ओतून भांडी घासून काढावीत. घासणे महत्त्वाचे आहे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही अनेक महिने टिकतात. नुसते पाणी ओतल्यास पुढच्या पावसात तीच अंडी फुटतात. पाणी साठविण्याची टाकी घट्ट झाकावी.

त्यानंतर गाजर गवत. हे तण भारतात प्रथम १९५५ साली पुणे येथे नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. एक झाड हजारो बिया तयार करते, त्याच्या परागांनी व स्पर्शाने त्वचेचा दाह आणि दम्यासारखा त्रास होतो. जबलपूर येथील खरपतवार अनुसंधान निदेशालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. रजेचा आठवडा त्याच्या आसपास आल्यास गावाने मिळून काम करणे सोयीचे होते.

गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुले नसलेली झाडे खतात घालता येतात. फुले अथवा बी धरलेली झाडे खतात घालू नयेत. मोकळ्या झालेल्या जागेवर चरोट्याचे बी फेकावे. विदर्भात तरोटा वा टाकळा म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती दाट वाढून गाजर गवताला दाबून टाकते, आणि तिची कोवळी पाने भाजी म्हणून छत्तीसगढच्या घराघरांत खाल्ली जातात. गाजर गवतावर राखाडी पट्ट्यांचे छोटे भुंगेरे पाने खाताना दिसल्यास ते मारू नयेत. हा मेक्सिकन भुंगेरा याच तणाच्या जैविक नियंत्रणासाठी १९८४ मध्ये भारतात आणला गेला आहे.

तिसरा दिवस : घुरवा

शेण व केरकचऱ्याच्या खड्ड्याला छत्तीसगढीत घुरवा म्हणतात. राज्य शासनाच्या २०१९ मधील ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ या कार्यक्रमाने हा शब्द राज्याबाहेरही पोहोचविला आणि २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्याच दिवशी, दोन रुपये किलो दराने शेण खरेदी करणारी गोधन न्याय योजना सुरू झाली. योजना येतात आणि बदलतात. शेणाचे मोल मात्र शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत कायम राहते.

पावसाळ्यात घुरव्याची मुख्य अडचण पाण्याची असते. उघड्या खड्ड्यात पाणी भरले की हवा निघून जाते, कुजण्याऐवजी सडणे सुरू होते, दुर्गंधी येते, माश्या वाढतात आणि विद्राव्य नत्र वाहून जाते. रायपूर परिसरात वर्षाकाठी साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश चार महिन्यांत पडतो. म्हणून पावसाळ्यात खड्ड्यापेक्षा जमिनीवरील ढीग किंवा टाके श्रेयस्कर ठरते.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत येथे उपयुक्त आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे, भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेले टाके बांधतात. त्यात सुमारे सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा आणि त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर, असे थर एकावर एक रचून शेवटी माती व शेणाने लिंपून घेतात. काही दिवसांनी ढीग खचतो, तेव्हा तो पुन्हा भरून लिंपावा. साधारणतः तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. हरेलीला भरलेले टाके अशा रीतीने रब्बी भाजीपाल्याच्या वेळी उपयोगी येते.

थर रचण्यामागील तत्त्व सोपे आहे. भाताच्या पेंढ्यात, ज्याला छत्तीसगढीत पैरा व झाडीपट्टीत तणीस म्हणतात, कर्ब फार व नत्र कमी असते. शेण व हिरव्या पाल्यात नत्र तुलनेने अधिक असते. दोहोंचा मेळ घातल्याशिवाय सूक्ष्मजीवांना काम करता येत नाही. नुसता पैरा वर्षभर तसाच राहतो आणि नुसते ओले शेण माश्या पोसते.

तिसऱ्या दिवसाच्या रात्री, उंदीर निर्धास्तपणे खाऊ लागलेले सापळे प्रथमच लावावेत.

चौथा दिवस : कोठी

कोठीतील धान्याची तपासणी उघाडीच्या दिवशीच करावी. साठवणुकीच्या धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. तो १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि किडी दोन्ही झपाट्याने वाढतात. ओलावामापक नसल्यास तीन खुणा पाहाव्यात : हात खोल घातल्यावर ऊब लागणे, कुबट वास, आणि दाण्यांखाली पिठासारखी भुकटी. धानात पतंग व दाणे पोखरणारे भुंगेरे, तांदळात सोंडे आणि डाळींत कडधान्य भुंगेरा आढळतो.

कीड दिसल्यास धान्य बाहेर काढून कडक उन्हात पातळ पसरून वाळवावे, चाळावे, थंड झाल्यावरच परत भरावे. गरम धान्य बंद कोठीत भरल्यास आत वाफ धरून नवे संकट उभे राहते. रिकाम्या कोठीच्या भेगा मातीने लिंपून बुजवाव्यात. जुन्या धान्याचे चिमूटभर अवशेषही पुढील वर्षीच्या किडीचे बियाणे असतात. नवे धान्य जुन्यात कधीही मिसळू नये.

धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. हवेतील ओलाव्याने त्यांतून अतिविषारी वायू निघतो व त्यावर उतारा उपलब्ध नाही. माणसे झोपतात त्या घरात या गोळ्यांचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

पाचवा दिवस : अडगळ काढणे व बिळे बुजविणे

पाहणी होताच अडगळ हलवावी असा मोह प्रत्येकाला होतो. तथापि तसे केल्यास उंदीर घरातच दुसरीकडे पांगतात आणि सापळे निरुपयोगी ठरतात. म्हणून आधी सापळ्यांनी संख्या कमी करावी, नंतर अडगळ काढावी आणि शेवटी बिळे बुजवावीत.

सरपण, विटा, कवेलू, पैरा यांचे ढीग घराच्या भिंतीपासून दूर न्यावेत आणि लाकडी ओंडक्यांवर उचलून रचावेत. बिळांत काचेचे तुकडे व खडी घालून सिमेंटने बंद करावे. दारांखालच्या फटीवर पत्र्याची पट्टी ठोकावी. बोटभर फट उंदराला पुरते. घरात विषारी आमिषापेक्षा सापळाच योग्य; झिंक फॉस्फाइडसारखे आमिष मुले, कुत्री, कोंबड्या यांना घातक असते.

हे काम भरदिवसा, पायात बूट घालून व हातात लांब काठी घेऊन करावे. ढिगात थेट हात घालू नये. आधी काठीने हलवावे. साप दिसल्यास मारण्याचा प्रयत्न न करता मागे सरावे. दंश झाल्यास व्यक्तीला धीर देऊन तो अवयव स्थिर ठेवावा, जखम कापू नये, करकचून बांधू नये आणि बैगा-गुनियाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने दवाखाना गाठावा. मण्याराचा दंश रात्री झोपेत होतो व त्याची खूण अनेकदा दिसतही नाही; पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे ही लक्षणे दिसली तरी तत्काळ दवाखान्यात न्यावे. जमिनीवर झोपणे टाळून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

सहावा दिवस : बारी

बारी म्हणजे घरामागील कुंपणातील भाजीपाला. माखना, दोडका, कारले, कुंदरू, बरबट्टी, कोचई आणि कडेला मुनगा ही तिची नेहमीची मंडळी. पावसाळ्यात तिचे सर्वाधिक नुकसान साठलेल्या पाण्याने होते. म्हणून प्रथम चर काढावेत, वाफे जमिनीपासून अर्धा फूट उंच करावेत आणि वेल मांडवावर चढवावेत. जमिनीला टेकलेले फळ कुजते. मांडवावरील फळ हवेशीर राहते.

वेलवर्गीय भाज्यांचा मुख्य शत्रू फळमाशी. तिची मादी कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतून गर खातात आणि पूर्ण वाढल्यावर जमिनीत उतरून कोष करतात. त्यामुळे गळलेली फळे तशीच पडू देणे म्हणजे पुढच्या पिढीला आश्रय देणे होय. अशी फळे रोज वेचून घट्ट बंद पिशवीत उन्हात ठेवावीत किंवा खोल पुरावीत. वेलाखालची माती वरवर चाळवावी, म्हणजे कोष उघडे पडून पक्षी व मुंग्या ते खातात. वेलवर्गासाठी क्यू-ल्यूरचे एक-दोन सापळे बारीला पुरतात. आंबा, पेरूसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा वेगळा असतो, याची खरेदी करताना खात्री करावी.

मावा, पांढरी माशी यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरता येतो. अर्धा किलो निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून त्यात पाणी घालून १० लिटर द्रावण करावे, थोडे साबणाचे पाणी मिसळावे व सायंकाळी फवारावे. जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळविलेल्या निंबोळ्या यासाठी राखून ठेवाव्यात. हरेलीला दारावर खोचलेल्या निंबाचा हा व्यावहारिक विस्तार म्हणता येईल.

न्हाणीघराचे सांडपाणी अंगणात पसरू न देता शोषखड्ड्यात किंवा केळी, कोचईच्या वाफ्याकडे वळवावे.

सातवा दिवस : कामाची वाटणी

शेवटचा दिवस मोकळा ठेवावा. पावसाने हुकलेले एखादे काम त्यात सामावते. तसे नसल्यास विश्रांती घ्यावी. तथापि या दिवशी कुटुंबाने एकत्र बसून एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे : रजा संपल्यावर हे सर्व कोण टिकविणार?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यासाठी देतात. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. शेण उचलणे, कोठी झाडणे, बारीला पाणी देणे ही कामे बहुतांश घरांत स्त्रियाच करतात. आठवडाभराच्या मोहिमेने नवा घुरवा, नवे वाफे व नवे सापळे उभे राहिले आणि त्यांची देखभाल मात्र घरातील स्त्रीवर आली, तर तिचा भार वाढतो आणि दोन महिन्यांत सारे पूर्ववत होते. म्हणून प्रत्येक नव्या कामापुढे वहीत नाव लिहावे. रविवारी पाणी ओतणे व भांडी घासणे, पंधरा दिवसांतून एकदा कोठी पाहणे, रोज गळलेली फळे वेचणे, ही कामे नोकरदार सदस्य व मोठी मुले सहज करू शकतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी, कृषी सखी व कृषी विज्ञान केंद्रांचे कार्यकर्ते यांनी हा कार्यक्रम गावपातळीवर राबविताना तीन गोष्टींवर भर द्यावा. पहिली, उंदीर व गाजर गवत एका घराचे नसून गल्लीचे असतात. शेजारच्या दहा घरांनी एकाच आठवड्यात काम केले तरच परिणाम टिकतो. दुसरी, कामाच्या क्रमामागचे कारण समजावून सांगावे, कारण कारण कळले की शेतकरी स्वतःच्या परिस्थितीनुसार त्यात योग्य बदल करतो. तिसरी, बैठकीची वेळ स्त्रियांच्या सोयीची ठेवावी.

रायपूरजवळील बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक स्ट्रेस प्रबंधन संस्था आणि १९८७ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय या संस्था याच परिसरात कार्यरत असल्याने, ओळख न पटलेली कीड अथवा रोगग्रस्त नमुना तज्ज्ञांपर्यंत पोहोचविणे येथील शेतकऱ्यांना तुलनेने सोपे आहे. त्याचा लाभ घ्यावा.

समारोप

शेतातील पिकाचे नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. कोठीत उंदराने खाल्लेले धान, घुरव्यातून वाहून गेलेले नत्र आणि बारीत गळून पडलेली फळे यांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. हे नुकसान रोखण्यास मोठे भांडवल लागत नाही. योग्य क्रमाने केलेले एका आठवड्याचे श्रम आणि त्यानंतर सर्वांनी वाटून घेतलेली दर आठवड्याची थोडी देखभाल एवढे पुरते. हरेलीला औजारांना विसावा दिला जातो. त्याच दिवसांत घर, कोठी आणि बारी यांची काळजी घेतल्यास पुढील हंगामाची निम्मी तयारी घराच्या उंबरठ्यातच पूर्ण होते.